तीन खरी वाक्यं

वहिनी, तुम्ही मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेलात. स्वयंपाकघरात, ओट्याजवळ. दूध गॅसवर होतं. माझी बायको सुनंदा हिने हाक मारली तेव्हा सगळ्यांत आधी पोचल्या त्या शेजारच्या कमलताई. मधली भिंत कमरेएवढीच आहे, पण त्या सत्तरीच्या आहेत, म्हणून फाटकातून आल्या. अनवाणी. त्यांनी तुमची नाडी पाहिली, मानेजवळ बोटं ठेवली, मग दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. नर्स म्हणून नोकरी पूर्ण केलेल्या बाईला किती वेळ दाबायचं ते माहीत असतं. त्या त्याहून जास्त वेळ दाबत होत्या. डॉक्टर आल्यावर उठल्या, सुनंदाला म्हणाल्या, "गॅस बंद कर वं," आणि माझ्याकडे न पाहता गेल्या.

त्याआधीचे अकरा महिने त्यांनी आपल्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. त्याचं कारण तुम्हाला चुकीचं माहीत होतं. ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. तुमचं शिक्षण, नोकरीची गावं, मुलीचं आणि जावयाचं नाव ही माहिती निधनाच्या बातमीत आली आहे. ती बातमी मीच लिहिली. तिच्यात चूक नाही.

बातमीतल्या चुका काढायचं काम आपल्या घरात तुमच्याकडे होतं. मी एका दैनिकाच्या बुलढाण्याच्या कचेरीत जिल्ह्याचं पान लावायचो. तुम्ही सकाळी चहाबरोबर तेच पान लाल पेन घेऊन वाचायच्या. शाळेतून निवृत्त झालात, पण लाल पेन सुटलं नाही. शुद्धलेखनाला तुम्ही माफ करायच्या. तुमचा राग एकाच शब्दावर होता.

"भाऊजी, 'असल्याचे समजते' म्हंजे कोणाले समजते?"

"वहिनी, ती पद्धत आहे लिहायची."

"पद्धत कायची? समजणाऱ्याचं नाव नाही, सांगणाऱ्याचं नाव नाही. चौथीतलं पोरगं असं बोललं तं मी बाकावर उभं करते."

मी म्हणायचो, सगळ्या बातम्यांत नाव देता येत नाही. तुम्ही म्हणायच्या, मग ती बातमी कशी? हा वाद वीसेक वर्षं चालला. मी तुमच्याशी कधी सहमत झालो नाही, पण डेस्कवर दुसऱ्यांच्या मजकुरात तो शब्द आला की खोडायचो. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता झाडांबद्दल.

फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला गुलाबाची सात झाडं होती. तुमच्या माहेरच्या अंगणातला तो जुना, हलक्या गुलाबी रंगाचा, वासाचा गुलाब. त्याच्या फांद्या दादांनी, माझ्या थोरल्या भावाने, दोनदा आणून लावल्या, दोन्ही वेळा वाळल्या. मग ते डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, शिकले. देऊळगाव राजाहून एसटीने ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून आणल्या आणि रानगुलाबाच्या खुंटावर एकेक डोळा बसवला. बारा भरले, सात जगले. माहेरचं मूळ झाड पुढे रस्ता रुंद करताना गेलं. दादा गेले त्यालाही आता आठ वर्षं झाली. तो गुलाब मग या सात झाडांतच उरला होता. त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद तुम्ही दरवर्षी घालायच्या. पहिली बरणी कमलताईंची, दुसरी तुमच्या मुलीची, वर्षाची, तिसरी घरची, हा क्रम मी कधी बदललेला पाहिला नाही.

गेल्या वर्षी मी गाडी घ्यायचं ठरवलं. फाटकाच्या उजवीकडेच शेड होऊ शकत होती. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

"हलवू नं," तुम्ही म्हणालात. "पण दसरा होऊ द्या, भाऊजी. छाटणी झाली की हलवू. वैशाखात झाड हलवणं म्हंजे बाळंतिणीले उन्हात चालवणं हाय."

मी 'बरं' म्हणालो.

मे महिन्यात तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वर्षाकडे अकोल्याला गेलात. बोथ्याच्या घाटात तुम्हाला गाडी लागते म्हणून मी लिंबू कापून पुडीत दिलं होतं. तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी शेड करणाऱ्याचा फोन आला. त्याची दुसरी कामं पुढं ढकलली गेली होती, माणसं मोकळी होती. नंतर दिवाळीपर्यंत जमणार नव्हतं. मी त्याला या म्हणालो. तुम्हाला फोन केला नाही. फोन केला असता तर तुम्ही 'नोका' म्हणाला असता, हे मला माहीत होतं, म्हणून केला नाही.

झाडं सकाळी अकराला काढली. आदल्या दिवशी मुळाशी पाणी सोडून माती ओली करायला हवी होती. नळ येऊन सहा दिवस झाले होते. टाकीतलं पाणी मी राखून ठेवलं. कोरड्या मुरमाड जमिनीत सब्बल घातली. मुळांभोवती मातीचा जो गोळा राहायला हवा, ज्याला नर्सरीवाले हुंडी म्हणतात, तो सातपैकी पाच झाडांचा हातातच फुटला. मुळं उघडी पडली. खड्डे घेणारा पन्नाशीचा मजूर होता. तो म्हणाला, "साहेब, वरून अर्धं छाटून टाका. मुळं तुटले, आता एवढ्या पानाइले पाणी कोण पुरवन?"

मी छाटू दिलं नाही. छाटलेली झाडं तुम्हाला फाटकातूनच कळली असती. पानं असतील तर निदान पहिल्या दिवशी काही वाटणार नाही, असा माझा हिशेब होता. मागच्या भिंतीला, न्हाणीच्या पलीकडे, एका ओळीत सात झाडं लावली. दुपारी एकपर्यंत काम संपलं.

संध्याकाळी कमलताई भिंतीपाशी आल्या.

"भाऊ, बाईले इचारलं का?"

"हो."

हे खोटं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर झाडांवर सावली होती. चार काठ्या रोवून त्यांनी त्यांची नोकरीतली जुनी पांढरी साडी वर बांधली होती. त्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ तपेलं घेऊन येत आणि झाडांना पाणी घालत. नळ आठव्या दिवशी येत होता आणि त्यांच्या घरी टाकी नाही, दोन ड्रम आहेत. मी त्यांना एकदाही पाणी दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही.

दहा दिवसांत पाच झाडं वाळली. दोन तग धरून होती.

तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी मी ती साडी सोडली, घडी केली आणि कमलताईंच्या ओसरीवर नेऊन ठेवली. त्या घरात नव्हत्या. साडी का काढली, हे तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं की आता तिचा उपयोग उरला नाही. खरं कारण असं की ती तुम्हाला दिसली असती तर तुम्ही पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला असता.

तुम्ही काळा चष्मा लावून आलात. शेड पाहिली. सरळ मागे गेलात. नीट दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही झाडाझाडापाशी वाकून एकेक काडी बोटांत धरली आणि वाकवली. ओली काडी वाकते. पहिली मोडली. दुसरी मोडली. तुम्ही ओळीने गेलात. मी न्हाणीच्या दाराशी उभा राहून ते आवाज ऐकले. पाच.

"भाऊजी, काऊन गेले हे?"

तेव्हा मी तीन वाक्यं बोललो. ती शब्दशः देतो.

"पाणी रोज पडत होतं, वहिनी. कमलताईच घालत होत्या. त्यांची धुण्याची बादली भिंतीपाशी असायची, सोडा असतो त्यात."

तिन्ही वाक्यं खरी होती. पाणी रोज पडत होतं. ते कमलताई घालत होत्या. धुण्याची बादली भिंतीपाशी असायची, ती मी पाहिली होती, आणि धुण्याच्या पाण्यात सोडा असतो. ती बादली झाडांत रिकामी होताना मी पाहिलं नव्हतं. तसं मी म्हणालोही नाही.

हे कसं करतात ते मला चांगलं माहीत आहे. एका तरुण बातमीदाराने एकदा लिहून आणलं होतं: गावच्या विहिरीचं पाणी दूषित झालं. पुढचं वाक्य: विहिरीच्या शेजारी अमुक वस्ती आहे. दोन्ही वाक्यं खरी होती. मी दुसरं खोडलं आणि त्याला समोर बसवून विचारलं की या दोन वाक्यांच्या मधे तू जे लिहिलं नाहीस, ते वाचणारा वाचणार की नाही? तो म्हणाला, "सर, मी तसं कुठं म्हटलं?" मी त्याला म्हणालो, "म्हणूनच." ही गोष्ट घरी येऊन मी तुम्हाला सांगितली होती. तुम्ही माझ्यावर खूश झाला होता. 'समजते'चा वाद सोडून तुम्ही माझ्या कामाला चांगलं म्हटल्याचं ते एकच उदाहरण माझ्या आठवणीत आहे.

इथे आणखी एक गोष्ट लिहायला हवी. कमलताई बौद्ध आहेत. आमची आई होती तोवर त्यांचा चहाचा कप वेगळा होता. तो ओसरीवरच्या कोनाड्यात असायचा आणि त्या स्वतः धुऊन परत तिथं ठेवायच्या. दादा आणि मी दोघंही शिकलेले होतो. दोघांनाही तो कप दिसायचा. तुम्ही लग्न होऊन आलात त्याच्या दुसऱ्या वर्षी बाजारातून सहा कप आणलेत, अगदी त्या कपासारखे, आणि तोही उचलून त्यांच्यात मांडणीवर ठेवलात. दुसऱ्या दिवशी आई ओरडली, "तो कोणता होता?" तुम्ही म्हणालात, "मले बी नाही वळखू येत, आत्या. तुम्हीच पाहा." आईने दोन दिवस चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला. तुमचं आणि कमलताईंचं बोलणं तिथून सुरू झालं आणि दुपारी तीनचा भिंतीवरचा चहा पुढे कधी चुकला नाही. तुम्ही घरात काय बदललंत, असं कोणी मला विचारलं असतं तर मी हे सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. मीही तुम्हाला कधी त्याबद्दल काही म्हणालो नाही.

त्या घरातल्या पाण्याने नुकसान झालं, असं मी त्या घरातल्या बाईबद्दल सुचवलं. बोलताना माझ्या मनात जात नव्हती, असं मला वाटतं. ते तपासायचं साधन माझ्याकडे नाही.

चार दिवसांनी कमलताई तुमचा डोळा पाहायला आल्या. मी पेपर वाचत शेजारी बसलो होतो. त्या तुम्हाला थेंब कधी घालायचे ते विचारत होत्या आणि तुम्ही एका शब्दात उत्तरं देत होता. मग त्या म्हणाल्या, "गुलाबाचं वाईट झालं, बाई. म्या बी पाणी घातलं, पण काही उपयोग नाही झाला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चष्म्यामुळे डोळे दिसले नाहीत. मी पान उलटलं.

माझ्या वाक्यांना त्यांच्याकडूनच दुजोरा मिळाला, असं तुम्ही धरलंत. कोणीही धरलं असतं. त्या 'चुकलं' म्हणतील याची तुम्ही वाट पाहिलीत. आपलं काही चुकलं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. तीनचा चहा आधी तुमच्या डोळ्यामुळे थांबला, मग कोणत्याच कारणाने सुरू झाला नाही. त्यांनी एकदा भिंतीवरून विचारलं, "बाई, काऊन बोलत नाही वं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. डोळा दुखून राह्यला." तेव्हा ऑपरेशनला दोन महिने झाले होते.

दिवाळीत तुम्ही फराळाचं ताट भरलंत, रुमाल टाकलात, भिंतीपर्यंत गेलात आणि तसंच परत आणलंत. ओट्यावर ठेवलंत. मी पाणी प्यायला आलो होतो.

"तिनं एकडाव म्हटलं असतं नं, भाऊजी, का चुकलं मायाकून, तं तिथंच सरलं असतं. झाडंच होते. माणूस थोडीच हाय."

म्हणजे माफी तयार होती. फक्त मागणारा हवा होता आणि तो तुमच्यासमोर हातात ग्लास घेऊन उभा होता. मी म्हणालो, "जाऊ द्या, वहिनी." तुम्हाला वाटलं मी कमलताईंची बाजू घेतो आहे. तुम्ही म्हणालात, "तुमचं मन मोठं हाय."

त्यानंतर तुम्ही पाच महिने जगलात. त्या पाच महिन्यांत आपण रोज सकाळी एका टेबलावर चहा घेतला. संधी मिळाली नाही, असं मला लिहिता येत नाही.

तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी दुपारी मी कमलताईंकडे गेलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली. मी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं: दसऱ्याचा शब्द, न केलेला फोन, फुटलेल्या हुंड्या, न केलेली छाटणी, साडी, तीन वाक्यं. मग मी जे अकरा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"त्या बादलीतलं पाणी कुठं जायचं?"

"संडासात. दुसरं कुठं टाकीन? झाडाइले तं मी तांदळाचं धुवण घालत होती, अन् माठातलं उरलेलं." मग त्यांनी विचारलं, "एवढ्यासाठी बोलणं सोडलं तिनं?"

"हो."

"मले वाटलं, तुमच्या मायसारखं झालं तिचं बी. म्हातारपणी."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हे असं होते, भाऊ. म्या पाह्यलेलं हाय. आयुष्यभर चांगलं वागलेलं माणूस म्हातारपणी घरच्या वळणावर जाते. मी म्हटलं, गेली ही बी. मी माया पोराले फोनवर सांगतलं तसं. त्या दिवशी तिची छाती दाबून राह्यली होती तवा बी मनात तेच होतं माया."

त्या उठल्या, आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं.

तुमच्यावर मी झाडांपुरता अन्याय केला, असं मी त्या क्षणापर्यंत समजत होतो. ज्या बाईने तो कप उचलून मांडणीवर ठेवला, ती अकरा महिने कमलताईंच्या हिशेबी पुन्हा कोनाड्याकडे गेलेली होती. तुम्ही हे न कळता गेलात. दोघींपैकी कोणीही काहीही केलेलं नव्हतं.

मी त्यांना म्हणालो, मी हे लिहितो. पेपरात, नावानिशी.

"लिहाल तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमाले लिहिता येते. लोक वाचतात, घडी करतात, ठेवून देतात. आधी तोंडानं सांगा. तिच्या माणसाइच्या समोर. मग लिहा."

"तेरवीला सांगतो. तुम्ही या."

"पाहू," त्या म्हणाल्या.

तुमची तेरवी रविवारी झाली. माहेरची माणसं, शाळेतल्या बाई, आळीतली घरं, वर्षाकडचे, असे सगळे होते. पहिली पंगत बसायच्या आधी मी शेडखाली उभा राहून ही गोष्ट सांगितली. गाडी सकाळीच बाहेर काढून ठेवली होती. सांगायला सहा-सात मिनिटं लागली. 'समजते' हा शब्द वापरला नाही. 'मी' म्हटलं. तुमचे धाकटे भाऊ मधेच उठून फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. शाळेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "पण आज कायले सांगून राह्यले हे?" सुनंदाने वाढायला सुरुवात केली. वर्षा माझ्याशी तेव्हा बोलली नाही आणि हे लिहीपर्यंत बोललेली नाही.

कमलताई आल्या नव्हत्या.

एक वाजून वीस मिनिटांनी वर्षा ताट घेऊन त्यांच्याकडे गेली. दार आतून बंद होतं. तिने दोनदा कडी वाजवली, हाक मारली आणि ताट घेऊन परत आली. अडीच वाजता ती दुसरं, गरम ताट घेऊन पुन्हा गेली. आतून पंख्याचा आवाज येत होता. दार उघडलं नाही.